खंडेनवमीचे तीन ससे

काका, तुम्हाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. मागच्या आठवड्यात माझ्या सुनेला दवाखान्यात सलाईन लावलं. काळजीचं काही नव्हतं, जुलाबांनी अशक्तपणा आला होता एवढंच. नर्सने बाटली अडकवली, नळीत थेंब पडायला लागले आणि मी घड्याळ बघायला लागले. पहिला अर्धा तास. मग दुसरा. मध्येच उठून तिच्या तळपायांना हात लावायचा, थंड तर पडले नाहीत ना. सून म्हणाली, "आई, माझ्याकडे बघा ना जरा, त्या घड्याळात काय आहे?" तिला वाटतं सासू फार मायाळू. मायाळू मी असेनही, पण ते घड्याळ बघणं मायेचं नसतं. गेली कित्येक वर्षं मी सलाईनच्या बाटलीखाली धड बसू शकलेली नाही. नवऱ्याच्या ऑपरेशनच्या वेळी तर मी बाटलीवरचा बॅच नंबर कागदावर उतरवून घेतला होता, आणि त्याचं काय करायचं ते न कळून तो कागद चावून गिळला होता. ही भीती कुठून आली ते नीट माहीत असलेले एकटे तुम्ही होतात. म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

मी माकुणसारची, तेव्हा नवी बी.एस्सी. झालेली, घरातली पहिली नोकरी करणारी मुलगी. सफाळ्याहून सकाळची गाडी धरून बोईसरला उतरायचं आणि कंपनीच्या बसने इंडस्ट्रियल एरियात. आपल्या कंपनीत सलाईनच्या बाटल्या भरल्या जात. बाटलीतलं पाणी कितीही स्वच्छ दिसलं तरी त्यात डोळ्याला न दिसणारं काही राहून जाऊ शकतं, आणि ते शिरेतून अंगात गेलं की माणूस थंडीने थडथड उडतो, ताप चढतो, आधीच खंगलेला असला तर जिवावर बेततं. ते ओळखायला तेव्हा आपल्याकडे ससे होते. प्रत्येक बॅचमधलं पाणी कोमट करायचं, तीन सशांच्या कानाच्या शिरेत टोचायचं आणि तीन तास, दर अर्ध्या तासाला, त्यांचा ताप मोजायचा. चढला नाही तर बॅच पास आणि कागदावर माझी सही. सही माझी असली तरी शीर शोधायचे तुम्ही, मान तेवढी बाहेर राहील अशा पेटीत ससा बसवायचे तुम्ही, सुई टोचायचेही बहुतेक वेळा तुम्हीच. कंपनीच्या दफ्तरी तुम्ही परिचर होतात आणि मी ॲनालिस्ट. मनोरच्या पुढे डोंगरातल्या पाड्यावरून आलेला, अंगठा उठवणारा माणूस मला काय शिकवणार, असं पहिल्या दिवशी माझ्या तोंडावर लिहिलेलं असणार. तुम्ही ते वाचलंत. अक्षर येत नव्हतं तरी तेवढं तुम्हाला वाचता यायचं.

पहिलीच गोष्ट तुम्ही मला सांगितलीत ती बांगड्यांची. मी ॲनिमल हाउसमध्ये, म्हणजे सशांच्या खोलीत, शिरते आहे, हातात डझनभर काचेच्या बांगड्या, आणि तुम्ही दारातच हात आडवा धरता. "बाय, ह्या काढून ठेवा. ससा घाबरला का त्याला ताप चढतो. मंग तो खोटा ताप तुमी वहीत लिवणार, न बाटलीला उगाच बोल लागणार." मी हसले. तुम्ही हसला नाहीत. नंतर कळलं की त्या खोलीत मोठ्याने बोलायचं नाही, चप्पल घासायची नाही, डोक्याला रोजचं सोडून दुसरं तेल लावून यायचं नाही. एकदा टोचलेल्या सशाला किती दिवस सुट्टी, हे माझ्या वहीत लिहिलेलं असायचं आणि तुमच्याकडे पिंजऱ्याच्या दाराला बांधलेल्या लाल दोऱ्यात. रोज एक गाठ सोडायची. गाठी संपेपर्यंत त्या सशाला हात लावायचा नाही, मग मॅनेजरसाहेब स्वतः येऊन उभे राहिले तरी. एकदा ते खरंच आले होते. घाईची बॅच होती आणि त्यांनी दोरा असलेल्या पिंजऱ्याकडे बोट दाखवलं. तुम्ही खाली मान घालून म्हणालात, "त्याची सुट्टी हाय, सायेब. तुमाला नाय का रविवारची?" साहेबांनी बोट दुसऱ्या पिंजऱ्याकडे वळवलं. मी वहीत तोंड खुपसून हसू दाबलं. रोज सकाळी आल्या आल्या तुम्ही एकेका सशाचा कान उजेडाकडे धरून बघायचात. काल टोचलेली जागा सुजली आहे का, शीर कडक झाली आहे का. तुमची ही रोजची सवय मला ठाऊक होती. ठाऊक असून मी जे केलं ते केलं.

खंडेनवमीला आपल्याकडे पूजा असायची. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी, म्हणून मशिनी धुऊनपुसून आदल्या दिवशीच झेंडूची माळ. बाकीच्या खात्यांत नारळ फोडला की पेढा तोंडात टाकून लोक पुन्हा मशीन चालू करायचे. तुमच्याकडे तसं नव्हतं. तुम्ही काचेच्या सिरिंजा, सुयांचा डबा आणि थर्मामीटर पाटावर मांडायचात, पिंजऱ्यांना कुंकवाचं बोट लावायचात, आणि त्या दिवशी सुई उचलायची नाही म्हणजे नाही. "वरीसभर ह्यांना टोचतो आमी," तुम्ही म्हणायचात, "एक दिस तरी त्यांच्या पाया पडायला नको?" थर्मामीटर मात्र तुम्ही पूजा झाल्यावर पुसून परत द्यायचात, कारण त्याने कुणाला दुखत नाही. आधीच्या वर्षी काही अडलं नाही, त्या दिवशी टेस्टच नव्हती. त्या वर्षी होती.

सकाळी साडेनऊला मॅनेजरसाहेबांचा निरोप आला, बॅच दुपारी ट्रकमध्ये चढणार, रिपोर्ट दोनपर्यंत हवा. मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही पाटाकडे बघितलंत, माझ्याकडे बघितलंत. "सायबाला सांगा, उद्याला सुट्टी असून आपण येऊ. सकाळीच टोचू. एका दिसाने काय बिघडतंय?" मी "बघते" म्हटलं. पाड्यावर सून बाळंत झाली होती म्हणून तुम्ही साडेदहाच्या एस.टी.ने निघालात, उद्या पहाटे परत येतो म्हणून. साहेबांना मी तुमचा निरोप सांगितलाच नाही. त्यांच्या केबिनच्या दारापर्यंत गेले आणि परत फिरले. हे असं आहे काका, मी आयुष्यभर साहेबांच्या दारापर्यंत जाऊन परत फिरणारी बाई आहे. पाटावरची सुई उचलणं काही अवघड नव्हतं. मला देवाची तेवढी भीती नव्हती, पण तुम्ही उद्या येऊन पाहाल की पूजा मोडली आहे, याची होती. आणि त्या प्लांटमधली बॅच मी आल्यापासून एकदाही नापास झालेली नव्हती. मग मी तीन ससे पेटीत बसवले, अगदी तुम्ही शिकवलंत तसे, बांगड्या काढून, हळू बोलत. थर्मामीटर लावलं. दर अर्ध्या तासाला आकडा घेतला. एकही आकडा मनचा लिहिला नाही. कानाला मात्र सुई लावली नाही. न टोचलेल्या सशाला ताप कशाला चढेल? दोन वाजता मी सही केली, तिघांच्या पिंजऱ्यांना लाल दोरे बांधले, ट्रक गेला, आणि मी झेंडूची फुलं घेऊन चारच्या गाडीने घरी आले. गाडीत मला झोपसुद्धा लागली.

दसऱ्याच्या दिवशी अकरा-साडेअकराला आमच्या अंगणात तुम्ही. स्वच्छ धुतलेलं धोतर, हातात आपट्याची पानं. माझ्या आईला कोण आनंद झाला. "ह्येच का तुजे काका? या या, बसा, आमचे घरा पयल्यांदा आलाव." तुम्ही आईला सोनं दिलंत, वडलांच्या पाया पडलात, आईने वाढलेली श्रीखंड-पुरी मान खाली घालून खाल्लीत. मी समोर उभी होते. तुम्ही उगाच आला नाहीत हे मला तुमच्या जेवण्यावरून कळत होतं. तुम्ही एकही पुरी टाकली नाहीत आणि एकही मागितली नाहीत. हात धुवायला तुम्ही मागच्या वाडीत आलात, सुपारीच्या झाडांपाशी, आणि मी तांब्यातून पाणी घालत होते. तेव्हा तुम्ही हळूच म्हणालात, "बाय, दोरा बांधलाय त्या तिघांच्या कानावर खूण नाय." माझ्या हातातला तांब्या पडला. तुम्ही तो उचलून दिलात. "बाटल्या गेल्या काय?" मी मान हलवली. "मंग चला," तुम्ही म्हणालात. आईला मी सांगितलं की कामावर अर्जंट आहे. सणाच्या दिवशी कसलं अर्जंट म्हणून ती पुटपुटत राहिली.

सफाळ्याहून गाडीने आपण बोईसरला आलो. वॉचमनने दार उघडलं. पाटावरची फुलं तुम्ही सकाळीच बाजूला काढून ठेवली होती, सुया उकळून तयार होत्या, तीन ताजे ससे तुम्ही पेटीत बसवलेत. प्रत्येक बॅचच्या दोन बाटल्या आपण कपाटात राखून ठेवायचो, त्यातली मी काढली. सिरिंज मी भरली, पण ती तुम्ही माझ्याकडून काढून घेतलीत. टोचून झालं. पहिल्या अर्ध्या तासात काही नाही. मला हसू फुटायला लागलं होतं. तासाभराने तुम्ही एका सशाचा कान बोटांत धरलात आणि धरूनच राहिलात. "थंड पडला," तुम्ही म्हणालात. थर्मामीटर बघायच्या आधी तुम्हाला कळलं होतं. मग दुसऱ्याचा. मग तिसऱ्याचा. आकडे वर सरकायला लागले. पहिला ससा पेटीत आक्रसून बसला होता, अंगावरचे केस उभे, डोळे अर्धे मिटलेले. मी म्हटलं, "काका, घाबरले असतील ते. सणाचे फटाके वाजतायत बाहेर. घाबरले म्हणून चढला असेल ना?" मला आजही माझा तो आवाज ऐकू येतो. तुम्ही म्हणालात, "नाय बाय. घाबरला का झटक्यात चढतो न उतरतो. ह्यो सावकाश चढतोय." मग तुम्ही पोत्याचे तुकडे आणून तिघांच्या पेट्यांवर पांघरलेत आणि मला म्हणालात, आता साहेबांकडे जाऊ या. तेव्हा दारापाशी मी परत फिरू शकले नाही, कारण मागे तुम्ही उभे होतात.

साहेब कंपनीच्या कॉलनीत राहायचे. त्यांनी ऐकून घेतलं, ताडकन उठले, फोनला बसले. सणामुळे ट्रकमधला बहुतेक माल गोदामात तसाच पडून होता, तो अडवता आला. फक्त दोन खोकी जाता जाता पालघरच्या एका छोट्या दवाखान्यात उतरली होती. तिथला फोन लागेना. साहेबांनी जीप काढली, आपण दोघं मागे बसलो. रस्ता तोच, रोजचा, पण मला तो संपू नये असंही वाटत होतं आणि लवकर संपावा असंही. प्रत्येक वळणाला मी मनात म्हणत होते, उघडलं नसेल खोकं, सणाचा दिवस आहे, पेशंट नसतीलच. दवाखान्यात शिरलो तर एक खोकं उघडलेलं होतं. आतल्या खोलीत खाटेवर एक बाळंतीण, डोंगराकडची, अंगावर दोन ब्लँकेटं आणि वर कुणाचं तरी लुगडं, आणि ती इतकी थरथरत होती की खाट वाजत होती. नर्सने बाटली नुकतीच काढली होती. तिची म्हातारी आई माझ्या साडीकडे बघून मला डॉक्टर समजली. "काय झाला ओ बाय हिला? सकाळी बरी व्हती. पानी लावला न असा झाला." मी त्या बाईच्या तळपायाला हात लावला. बर्फासारखा थंड होता. मी हात मागे घेतला. तुम्ही मात्र खाली बसलात, त्या अनोळखी म्हातारीशी तुमच्या बोलीत बोललात, बाळ कुठे आहे ते विचारलंत. मी व्हरांड्यात जाऊन भिंतीला टेकले आणि देवाला काय काय कबूल केलं ते मला आठवत नाही. त्यातलं काही पाळलं नाही, एवढं आठवतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही कामावर उशिरा आलात. पालघरला उतरून आला होतात. "उतरला ताप," तुम्ही म्हणालात, "घरी जाईल उद्याला." मी रडले. ते खरं होतं का, काका? मी स्वतः जाऊन बघितलं नाही. पालघर रोजच्या वाटेवर, गाडी तिथे दोन मिनिटं थांबायची, आणि मी डब्यातून एकदाही उतरले नाही. तुम्ही माझ्यासाठी खोटं बोलाल का, याचा मी पुढे खूप विचार केला. तुम्ही सशाच्या बाबतीत कधी खोटं बोलला नाहीत. माझ्या बाबतीत मला खात्री नाही.

त्याच दुपारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. म्हणाले, "हे बघा, रिपोर्टवर सही तुमची आहे. प्रकरण वर गेलं तर नोकरी तर जाईलच, पोलीसही घरी येतील. नीट विचार करून लिहा काय झालं ते. आणि त्या परिचराचा अंगठा घ्या खाली." एवढंच बोलले. त्यांनी मला खोटं लिही असं सांगितलं नाही, हे मी त्यांच्या बाजूने सांगते. मी माझ्या टेबलाशी बसून लिहिलं. आमच्या दारात पोलीस, वाडीतले लोक बघतायत, आई ओट्यावर बसलेली, हे डोळ्यांसमोर इतकं स्पष्ट दिसत होतं की पेन त्या भीतीनेच चालत होतं. लिहून झाल्यावर कागद घेऊन तुमच्याकडे आले. तुम्ही पिंजरे धूत होतात. हात पुसलेत आणि म्हणालात, "वाचा काय लिवलाय." मी वाचलं: खंडेनवमीच्या दिवशी सुया पूजेत ठेवल्या होत्या. त्यामुळे सशांना इंजेक्शन दिले गेले नाही. परीक्षण न होता माल बाहेर गेला. तुम्ही म्हणालात, "खरा हाय." आणि अंगठा उठवलात. कागदावर चार वाक्यं होती. मी तीन वाचली. न वाचलेलं वाक्य असं होतं: इंजेक्शन दिले आहे असे परिचराने सांगितल्यामुळे मी विश्वासाने नोंद केली.

आठ दिवसांत तुम्हाला काढलं. जायच्या दिवशी तुम्ही ॲनिमल हाउसमध्ये आलात, एकेक पिंजरा दाखवून मला दोऱ्यांच्या गाठी समजावून दिल्यात. "सत्तावीस लंबरला अजून तीन दिस सुट्टी हाय. इसरू नका." मी हो हो म्हणत होते, वर बघत नव्हते. दारात थांबून तुम्ही म्हणालात, "बाय, त्या दिशी वाचताना तुमी मधी जरा थांबलात. मला वाटला, सर्दी झाली आसल." आणि गेलात. तुम्ही ओरडला असतात तर मी कदाचित साहेबांच्या केबिनमध्ये गेले असते. कदाचित. हेही मी स्वतःला बरं वाटावं म्हणून लिहिते आहे. मी त्या कंपनीत आणखी बरीच वर्षं काढली, बढती घेतली, सशांच्या कानांकडे रोज बघितलं. वॉचमनकडून कळायचं, तुम्ही पाड्यावर भात लावता, हंगामात वीटभट्टीवर जाता. मग एका पावसाळ्यात तो म्हणाला की तुम्ही गेलात. मी त्या दिवशीही शिफ्ट पुरी केली.

आता मी निवृत्त आहे आणि एका संस्थेच्या कमिटीवर बसते. नवं औषध माणसांवर किंवा जनावरांवर तपासायचं असलं की त्यांचे कागद आमच्यापुढे येतात. मी तिथे खवट म्हातारी म्हणून प्रसिद्ध आहे. संमतीचा कागद त्या माणसाला त्याच्या बोलीत पूर्ण वाचून दाखवला का, दाखवताना संस्थेबाहेरचं कोणी हजर होतं का, हे विचारल्याशिवाय मी एकही प्रस्ताव पुढे सोडत नाही. गेल्या महिन्यात एका तरुण डॉक्टरने वैतागून विचारलं, "मॅडम, तुम्ही याच एका गोष्टीच्या मागे का लागता?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी खंडेनवमीची गोष्ट सांगितली. बाळंतीण सांगितली, थंड पडलेले कान सांगितले. आणि म्हटलं, आमच्याकडे एक परिचर होता, अडाणी, अंधश्रद्धाळू, त्याने टोचलंच नाही आणि टोचलं म्हणून सांगितलं. लोक हळहळले. एकीने वहीत लिहून घेतलं. आता मला कोण काढणार होतं, काका? कुठले पोलीस येणार होते? तरी तोंड उघडलं आणि तेच चौथं वाक्य बाहेर आलं, न अडखळता.

तुमची मुलगी मनोरकडे अंगणवाडीत ताई आहे. वॉचमनच्या मुलाने मला तिचा पत्ता दिला, तो माझ्या पर्समध्ये आहे, पाकीटही आणलं आहे. तुम्हाला का काढलं ते तिला कंपनीच्या कागदावरून जेवढं कळलं तेवढंच माहीत असणार. हे पत्र मी तिला पाठवायला हवं. पण ती शिकलेली आहे, सगळं स्वतः वाचेल, मला मधलं काही गाळता येणार नाही. म्हणून पाठवत नाही.